सीवन, शस्त्रक्रियेतील
जखमेच्या कडा टाक्यांनी जुळवून ती भरून येण्यास साहाय्य करण्याची क्रिया. सुश्रुतसंहितेत सीवनाचे वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथी असे चार प्रकार असून टाका कडेपासून फार दूर वा फार जवळ घेऊ नये, असे सांगितले आहे. १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये वर्णिलेल्या, पुण्याजवळ झालेल्या नासासंधानात मात्र कपाळाची त्वचा टाक्यांऐवजी काताचा लेप दिलेल्या पट्ट्यांनी जोडलेली होती.

व्हिएन्नाचे शारीरविज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांवरील प्रयोगांवरून त्वचेतील ताणरेषांचे वर्णन केले. ताणाच्या दिशेला अनुसरून छेद घेतल्यास वण बारीक राहतो. आडव्या छेदाच्या कडा ओढल्या जाऊन तो रुंदावतो. म्हणून ताणाचा भार खोल थरातील विरघळणाऱ्या टाक्यांवर ठेवून वरची त्वचा केवळ जुळवितात. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी प्रचारात आणलेल्या त्वचांतर्गत सीवनात धागा आतूनच फिरत असल्याने वर टोचल्याच्या खुणा उमटत नाहीत.

टाके फार काळ राहिल्यास शिडीसारख्या खुणा कायम होतात. यास्तव चेहऱ्यावरील टाके सु. ५ ते ७ दिवसांत काढतात. तोपर्यंत जखमेला मूळ त्वचेच्या फार तर एक दशांश बळ आलेले असते. त्यामुळे पुढील काळात ती उकलू न देण्याचे कार्य मुख्यतः खोल टाकेच करतात.