घर हेच कार्यस्थळ : आयकर वजावटीचा इतिहास आणि पालघर-बोईसर परिसर

प्रस्तावना :
मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा थांबली. ही सेवा एप्रिल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत पोहोचली होती आणि मुंबईस नोकरीला जाणारा पालघर-बोईसरचा मोठा वर्ग तिच्यावर अवलंबून होता. त्यांपैकी अनेकांचे कार्यालय घरात आले; महाविद्यालयीन अध्यापकांच्या तासिकाही घरूनच होऊ लागल्या. वीज, इंटरनेट, टेबल-खुर्ची यांचा भार कुटुंबावर पडला. हा खर्च करपात्र पगारातून वजा करता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी होते. ते तसे का होते, याचा ऐतिहासिक शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

व्यावसायिकाचे घर :
घरात चालणाऱ्या कामाची दखल भारतीय आयकर कायद्याने घेतलीच नाही, असे नाही. १९२२ च्या अधिनियमातील कलम १० नुसार व्यवसायाच्या जागेचे भाडे वजा होत असे. त्या जागेचा बराचसा भाग राहण्यासाठी वापरात असेल, तर वजावट प्रमाणशीर ठरविण्याचा अधिकार आयकर अधिकाऱ्यास होता. १९६१ च्या अधिनियमाने हेच तत्त्व कलम ३० व ३८ मध्ये पुढे चालविले. उदाहरणार्थ, भाड्याच्या घराची एक चतुर्थांश जागा व्यवसायासाठी वापरली जात असेल आणि वार्षिक भाडे ९६,००० रुपये असेल, तर ढोबळमानाने २४,००० रुपये व्यवसायाचा खर्च ठरे.

चिंचणी-वाणगाव पट्ट्यातील डायमेकिंगचा व्यवसाय या तत्त्वाचे उत्तम उदाहरण होय. पोलादावर नक्षी कोरून दागिन्यांचे साचे घडविणारा कारागीर अनेकदा घरातच वा घरालगत काम करतो. बोईसरमध्ये घरीच कार्यालय थाटणारा वकील वा कर सल्लागार यांनाही हीच तरतूद लागू होती. थोडक्यात, व्यावसायिकाच्या घराचे मोजमाप कायद्याला मान्य होते.

पगारदाराचे घर :
पगारदाराच्या बाबतीत कायदा आरंभापासूनच अधिक कठोर राहिला. सेवाशर्तींनुसार स्वतःच्या वेतनातून करावाच लागणारा आणि सर्वस्वी कर्तव्यासाठीच झालेला खर्च तेवढा १९६१ च्या अधिनियमातील मूळ कलम १६ खाली वजा होई. कर्तव्यासाठी आवश्यक पुस्तकांच्या खरेदीपोटी ५०० रुपयांपर्यंतची वजावटही त्यात होती. अध्यापकवर्गाला ही बाब विशेष उद्बोधक वाटेल. दार अरुंद होते, पण होते.

१९७४ च्या वित्त अधिनियमाने या तरतुदींच्या जागी प्रमाणित वजावट आणली. पावत्या तपासण्याचा व्याप टळला. त्याचबरोबर पगारदाराने आपला प्रत्यक्ष खर्च मांडण्याचा मार्गही बंद झाला. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले होते आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली. ज्या परिसरात पगारदारांचा वर्ग विस्तारत होता, तेथे हा बदल हजारो घरांशी निगडित होता. कारखान्यातील कामगाराला त्याची झळ जाणवली नाही, कारण त्याचे काम फाटकाच्या आतच संपत असे.

२००५ च्या वित्त अधिनियमाने प्रमाणित वजावट रद्द केली. २०१८ मध्ये ४०,००० रुपयांची वजावट परत आली, ती प्रवासभत्ता व वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या सवलतींच्या बदल्यात. या दोन सवलती मिळून वर्षाला ३४,२०० रुपयांच्या होत्या. म्हणजे खरी वाढ ५,८०० रुपयांचीच. २०१९ मध्ये ही रक्कम ५०,००० झाली, तर २०२४ मध्ये नव्या करप्रणालीत ७५,०००. परिणामी, ज्या रकमेत प्रवासाचा वाटा गृहीत होता, तीच २०२० मध्ये घरी बसून काम करणाऱ्यालाही लागू राहिली. ब्रिटनमध्ये त्याच काळात घरून काम करणे भाग पडलेल्या नोकरदारास आठवड्याला ६ पौंडांची वजावट पावतीशिवाय मिळाली. येथे तशी मागणी अर्थसंकल्पांपूर्वी झाली, पण मान्य झाली नाही. आयकर अधिनियम, २०२५ मध्येही त्यासाठी स्वतंत्र तरतूद नाही.

मोजमापाकडून ठोक रकमेकडे :
व्यावसायिकाचा इतिहासही अखेर याच दिशेने वळला. करनिर्धारण वर्ष २०११-१२ पासून लहान व्यवसायांना उलाढालीच्या ८ टक्के उत्पन्न गृहीत धरण्याची मुभा मिळाली; पुढे बँकेमार्फत आलेल्या रकमेसाठी हा दर ६ टक्के झाला. २०१६ च्या वित्त अधिनियमाने विशिष्ट व्यवसायिकांसाठी ५० टक्क्यांची तरतूद केली. हा पर्याय निवडला की घराच्या भाड्यासह सर्व खर्च आधीच वजा झाला, असे मानले जाते. हिशेब सोपा झाला, मात्र घर वहीतून नाहीसे झाले.

करमर्यादेच्या खाली असणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. तुकडा दराने घरी काम करणाऱ्या स्त्रीस वजावटीचा उपयोगच नाही. असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा अधिनियम, २००८ ने गृहाधारित कामगाराची व्याख्या केली. परंतु तिच्या घराची जागा, वीज व दिवाबत्ती यांची किंमत दरात धरली जावी, अशी तरतूद त्यात नव्हती.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, कायद्याने व्यापाऱ्याचे घर मोजले, पगारदाराचे मोजण्याचे टाळले आणि पुढे दोघांसाठीही मोजमापाऐवजी ठोक रक्कम पसंत केली. ठोक रकमेची सोय नाकारण्याचे कारण नाही. तथापि, ज्याचा खर्च प्रत्यक्षात वाढला त्याच्यावर ती अन्याय करते. अशा स्थितीत वजावटीपेक्षा मालकाकडून मिळणारी प्रतिपूर्ती अधिक परिणामकारक ठरू शकते. १९६१ च्या अधिनियमाखालील नियमांनी मालकाने भरलेला दूरध्वनीचा खर्च करमुक्त ठेवला होता, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. सेवाकरारात आणि तुकडा दरात घराचा वाटा स्पष्टपणे लिहिला गेला, तर करदात्याबरोबरच करमर्यादेखालील कामगाराच्याही पदरात काही पडेल.