दुसऱ्याचे पाप वाहणे (हिब्रू बायबल)

दुसऱ्याचे पाप वाहणे ही हिब्रू बायबलमधील, विशेषतः यशया व यहेज्केल या संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील संकल्पना आहे. एकाच्या अपराधाचा भार दुसऱ्याने उचलणे हा तिचा ढोबळ अर्थ होय. मात्र त्यामुळे अपराधी मुक्त होतो की नाही, याचे उत्तर सर्व ग्रंथांत सारखे नाही.

शब्दार्थ

मूळ शब्दप्रयोग ‘नासा आवोन’ असा आहे. ‘नासा’ म्हणजे उचलणे किंवा वाहून नेणे. ‘आवोन’ या शब्दात अपराध, त्याचा दोष आणि त्याची शिक्षा हे तिन्ही अर्थ येतात. अपराधी स्वतः ‘आवोन’ वाहतो तेव्हा तो शिक्षा भोगतो (लेवीय 5:1). देव ते वाहतो तेव्हा तो क्षमा करतो (निर्गम 34:7). मराठीत या दोन अर्थांसाठी सहसा वेगळी क्रियापदे योजावी लागतात. पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते 1924 मध्ये प्रकाशित झाले.

विधीची पार्श्वभूमी

लेवीय 16 नुसार प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे कबूल करी. नंतर तो बकरा ती पापे वाहत निर्जन प्रदेशात जाई. इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर नष्ट झाल्यावर मंदिरातील हा विधी थांबला. योम किप्पूर या नावाने ओळखला जाणारा हा दिवस मराठीभाषक बेने इस्राएल समाजही उपवास करून पाळतो.

यहेज्केल

चौथ्या अध्यायात संदेष्टा इस्राएलसाठी 390 दिवस डाव्या कुशीवर आणि यहूदासाठी 40 दिवस उजव्या कुशीवर निजून त्यांचे ‘आवोन’ वाहतो. एक दिवस एका वर्षाबद्दल आहे. ही कृती येणाऱ्या संकटाची खूण आहे. तिने जेरुसलेमची शिक्षा टळत नाही. अठराव्या अध्यायात तर पित्याचा दोष पुत्राने वाहू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. ‘करावे तसे भरावे’ या मराठी म्हणीशी हा विचार जुळतो.

यशया 53

या अध्यायातील ‘सेवक’ निर्दोष असूनही अनेकांचे पाप वाहतो. येथे ‘नासा’बरोबर ‘साबल’ (जड ओझे वाहणे) हे क्रियापदही येते. सेवकाचे दुःख ही त्याच्याच पापाची शिक्षा आहे, असे पाहणाऱ्यांना आधी वाटते. पुढे ते दुःख आपल्यामुळे आहे आणि त्यातूनच आपण बरे झालो, हे त्यांना उमगते. यहेज्केलच्या खुणेपेक्षा हा अर्थ वेगळा आहे, कारण येथे वाहणाऱ्यामुळे इतरांचे कल्याण होते.

अर्थनिर्णय

मध्ययुगीन ज्यू भाष्यकार राशी (1040–1105) यांच्या मते सेवक म्हणजे इतर राष्ट्रांमध्ये दुःख भोगणारा इस्राएल समाज होय. ख्रिस्ती परंपरा हे वर्णन येशूला लागू करते. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तसा उल्लेख आहे.