गोफण, वाफ आणि विक्रांत

जेऊरच्या रानात ज्वारीची कणसं भरली की मचाणावरचा राखण्या गोफण फिरवतो. जोर नीट बसला तर दगड पार बांधापलीकडे. हात ढिला पडला तर पायाशीच. विमानवाहू जहाजावरून झेपावणाऱ्या विमानाची गत अशीच. फक्त तिथे पायाशी समुद्र असतो, आणि मागून हजारो टनांचं जहाज चालून येत असतं.

भारतीय नौदलाच्या जुन्या विमानवाहू ‘आयएनएस विक्रांत’ची गोफण म्हणजे वाफेचा कॅटापल्ट. सी हॉक विमानाच्या पोटाला पोलादी तारेचा दोर अडकवायचा, वाफ सोडायची, की दोन-तीन सेकंदांत विमान डेकच्या टोकापलीकडे. मध्येच ब्रेक लावायची सोय नाही. म्हणून उड्डाणाआधी जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवून वेगात हाकतात. समोरून येणारा वारा पंखांना उचलून धरतो. वाफेचा दाब कमी पडला, तर विमान थेट पाण्यात. त्यासाठीच उड्डाणं चालू असताना बचावाचं हेलिकॉप्टर शेजारी घिरट्या घालत राहतं.

आणि १९७१ साली, पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा, ‘विक्रांत’ची नेमकी वाफच दुखरी होती.

जून १९७० मध्ये जहाज मुंबईच्या नौदल गोदीत आलं, तेव्हा बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना तडे गेलेले आढळले. वेल्डिंगने ते सांधणारे नव्हते. नवे ड्रम ब्रिटनमधून मागवले, पण युद्ध त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. जहाज युद्धावर न्यायचं की नाही, यावर नौदलात मतभेद झाले. नौदलप्रमुख अॅडमिरल एस. एम. नंदा न्यायच्या बाजूने ठाम राहिले. चालू असलेल्या तीन बॉयलरांना पोलादी पट्ट्यांनी आवळलं, वाफ गळते का ते दिसावं म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसवल्या, आणि वेग १४ नॉटांवर, म्हणजे ताशी जेमतेम २६ किलोमीटरवर बांधला. एरवी हेच जहाज २४ नॉटांनी पळे. तीच वाफ जहाज ओढणार, तीच विमान फेकणार, कॅटापल्टही एकच.

४ डिसेंबर १९७१ रोजी बंगालच्या उपसागरातून आठ सी हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर झेपावले. त्याच दिवशी चितगाव बंदरावरही हल्ला झाला. पुढे खुलना आणि मोंगला ही बंदरंही टप्प्यात आली. पाणबुडीविरोधी आलिझे विमानंही याच डेकवरून उडत होती. युद्ध संपलं तेव्हा एकही सी हॉक गमावलेलं नव्हतं. ‘विक्रांत’च्या वाट्याला दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं आली. या यशात वैमानिकांइतकाच हिस्सा होता तो खाली, आवळलेल्या बॉयलरांवर डोळा ठेवून बसलेल्यांचा.

पुढे सी हॅरियर विमानं आली आणि १९८०च्या दशकाअखेरीस डेकच्या टोकाला वर वळलेला उतार, ‘स्की-जंप’, बसला. कॅटापल्ट गेला. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची इथे नौदलात दाखल झालेल्या नव्या ‘विक्रांत’वरूनही विमानं अशाच उतारावरून उडतात.