निकष, कसोटी आणि ९१६

जुनी पाटली मोडायला नेली की सोनार गल्ल्याजवळून एक काळा, गुळगुळीत, तळहातात मावणारा दगड काढतो. पाटलीची कड त्यावर दोनदा ओढतो. काळ्यावर पिवळी रेघ उमटते. तिच्यावर तेजाबाचा एक थेंब सोडून तो डोळे बारीक करून बघत राहतो. रेघ जशीच्या तशी टिकली तर सोनं चांगलं. हिरवट होऊन फेसाळली तर तांब्याचा भरणा जास्त. समोर बसलेल्या बाईला त्या रेघेतलं काही कळत नाही. ती सोनाराच्या चेहऱ्याकडे पाहत असते.

त्या दगडाचं नाव कसोटी. संस्कृतात ‘कष्’ म्हणजे घासणं. ज्यावर घासायचं तो निकष. कषपट्टिका हा शब्द प्राकृतातून झिजत आला, त्याची कसोटी झाली आणि दगडावर उमटणारी रेघ म्हणजे कस. आज अनुदानाला निकष असतात, माणूस कसाला लागतो, आणि अव्वल सोनं बावनकशी म्हणवतं. सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या काव्यसंग्रहाला ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ हे नाव दिलं, तेव्हा ही सोनाराची भाषा त्यांच्या वाचकांना समजावून सांगावी लागली नसणार. गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘टेस्ट’ हा शब्दही याच धंद्यातला. सोनं-चांदी तापवून शुद्ध करायच्या मातीच्या मुशीला लॅटिनमध्ये ‘टेस्टुम’ म्हणत. क्रिकेटच्या टेस्टला ज्याने मराठीत कसोटी म्हटलं, त्याने नकळत एका सोनाराचं भांडं दुसऱ्या सोनाराच्या दगडाशेजारी ठेवलं.

पण दगड कितीही प्रामाणिक असला तरी त्यावर सोनं घासतो तो हात माणसाचा. हे कौटिल्याला पक्कं ठाऊक होतं. ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणातले दोन अध्याय त्याने सोन्याच्या कामाला दिले आहेत. सरकारी सुवर्णशाळेला दार एकच. आत-बाहेर करताना कारागिरांची झडती. सोनं चोरण्याचे पाच मार्ग तो नावानिशी सांगतो आणि पहिला मांडतो तो खोट्या तराजूचा. दगडावरची फसवणूकही त्याच्या नजरेतून सुटत नाही. नखाच्या कडेत गेरू लपवून तो रेघेवर भुरभुरला की हलकं सोनं लालसर, कसदार दिसतं. असं कुणी केलं तर ते कपट समजावं, असं तो बजावतो. उपदेश करून सोनार सुधारेल, असा भरवसा त्याने कुठेही धरलेला नाही. सगळी भिस्त तिसऱ्या डोळ्यावर.

मराठी मुलखात हा तिसरा डोळा म्हणजे पोतदार. फोतेदार या फारसी शब्दावरून हे नाव आलं. खजिन्यात येणारा पैसा पारखून घेणं हे त्याचं काम. गावपातळीवर ते बहुतेक सोनाराकडेच असे आणि त्याबद्दल त्याला गावाकडून हक्क मिळे. तेव्हा एकाच बाजारात अनेक टांकसाळींचे रुपये फिरत. कुणाची चांदी हिणकस, कुणाची कड घासलेली. कमी भरणाऱ्या नाण्यामागे जी रक्कम कापली जाई तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागणं’ ऐकताना आज त्या नाण्याची आठवण कुणाला होत नाही, पण व्यापाऱ्याच्या लेखी अब्रू आणि नाणं यांचा हिशेब एकच होता: दोन्हींची दर्शनी किंमत वेगळी आणि परखून उतरलेली वेगळी. पोतदार, पारखी ही आज आडनावं उरली. काम मात्र संपलं नाही.

त्याच कामाची दुसरी वाट लंडनमधून आली. १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने ठरवलं की चांदीची वस्तू नाण्याच्या चांदीहून हलकी नसावी. सोनारांच्या संघाचे रखवालदार दुकानोदुकानी फिरून माल तपासत आणि उतरला तर त्यावर बिबट्याच्या मुखवट्याचा ठसा मारत. १३६३ पासून कारागिराला स्वतःची खूण उमटवणंही बंधनकारक झालं. खरी मेख आली १४७८ मध्ये. फिरती तपासणी पुरेना, तेव्हा संघाने पगारी पारखी नेमला आणि माल तपासणीसाठी संघाच्या वास्तूत, गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, आणायला लावला. त्या हॉलमधला ठसा म्हणजे हॉलमार्क. त्याबरोबर दर वर्षी बदलणारं एक अक्षरही वस्तूवर आलं. त्यावरून वर्ष कळे आणि वर्षावरून त्या वेळी पारखी कोण होता हेही कळे. परीक्षा घेणाऱ्याचाच माग ठेवणारं हे अक्षर मला साऱ्या कुळकथेतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सरकारने सोन्यात लक्ष घातलं, पण ते वेगळ्या कारणाने. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला मनाई केली. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. कितीतरी सोनारांच्या भट्ट्या विझल्या. ती अट पुढे उठली, १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. या सगळ्या काळात सरकारचं लक्ष सोनं किती यावर होतं, कसं यावर नव्हतं.

ती मोकळी जागा जाहिरातीने भरली. ‘आमच्याकडे केडीएम दागिने मिळतील’ या पाट्या अनेकांना आठवत असतील. गिऱ्हाईक ते शुद्धतेचं प्रमाणपत्र समजे. केडीएम म्हणजे प्रत्यक्षात कॅडमियम, सांधे जोडायच्या डाखातला धातू. आटवताना तो उडून जातो, म्हणून सोन्याचा कस फारसा घटत नाही, एवढंच त्यात खरं. मूळ सोनं किती कसाचं, याबद्दल ती पाटी अवाक्षर काढत नव्हती. आणि उडालेला कॅडमियम जायचा कारागिराच्या फुप्फुसात. अर्धं खरं मोठ्या अक्षरात लिहिणं ही जाहिरातीची जुनी खोड. इथे तिची किंमत मोजली ती भट्टीपुढे बसलेल्या माणसाने.

भारतीय मानक ब्युरोने सोन्यासाठी हॉलमार्क योजना आणली ती २००० मध्ये. पण ती ऐच्छिक होती. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली, मग व्याप्ती वाढत गेली. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही. आता दागिन्यावर तीन खुणा असतात: ब्युरोचा त्रिकोण, शुद्धता आणि प्रत्येक दागिन्याचा वेगळा असा हा क्रमांक. २२ भागिले २४, म्हणजे हजारात सुमारे ९१६ भाग सोनं, तेच २२ कॅरट. तपासणी केंद्रात नेमकी परीक्षा होते ती मात्र अजून मुशीतच. नमुना शिशाबरोबर भट्टीत जातो, हलके धातू मूस शोषून घेते, चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि उरलेलं सोनं तोललं जातं. लॅटिन टेस्टुम अजून कामावर आहे.

एक दुखणं मात्र राहिलंच. बहुतेक केंद्रं खासगी आहेत आणि त्यांच्याकडे माल आणतो, शुल्क भरतो तो सराफच. ज्याची परीक्षा, तोच परीक्षकाचा ग्राहक. त्यामुळे शेवटची कसोटी पुन्हा गिऱ्हाइकाच्या हातात आली आहे, आणि ती वापरली नाही तर ठशाला अर्थ नाही.

म्हणून सोनं घेताना दुकानदाराकडे भिंग मागा. दहापट मोठं दाखवणारं भिंग त्याने ठेवायचंच असतं. क्रमांक वाचा आणि ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घालून पाहा. बिलावर वजन, कॅरट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहून घ्या. ठशापेक्षा कस कमी निघाला, तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमात आहे. सोनाराच्या चेहऱ्याकडे पाहून सोनं घ्यायचे दिवस संपले आहेत. पाहायचंच तर दागिन्याकडे पाहा.