मांजर खरेच हावरट असते काय?

मराठी म्हणींमध्ये मांजराची प्रतिमा फारशी चांगली नाही. शिंके तुटले की बोक्याचे फावते. मांजर डोळे मिटून दूध पिते, पण जग त्याला पाहत असते. घरात मांजर असणाऱ्यांना या म्हणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. मासळीची पिशवी दारात आली की गाढ झोपलेले मांजर जागे होते. भांड्याचे झाकण वाजले तर ते दोन खोल्यांपलीकडून धावत येते. पाच मिनिटांपूर्वी बशी चाटून स्वच्छ केली असली तरी पायात घोटाळणे चालूच राहते. 'काय हावरट आहे!' असे म्हणून आपण विषय संपवतो.

पण इतिहासात डोकावले तर मांजराच्या भुकेविषयीची आपली मते नुसती थट्टेपुरती राहिलेली दिसत नाहीत. त्या मतांवरून सरकारी कचेरीत मांजरांचे भत्ते ठरले. त्या भुकेविषयीच्या अज्ञानामुळे मांजरे आंधळीही झाली. म्हणून हा 'हावरटपणा' नेमका काय आहे, हे जरा मुळापासून पाहू.

कणगीपासून खुर्चीखालपर्यंत

माणसाने गाय, शेळी, मेंढी पाळली ती दूध, मांस, लोकर यांसाठी. मांजराच्या बाबतीत असा हिशेब आधी कोणी केला असेल असे वाटत नाही. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस धान्य पिकवून साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरे आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या ९७९ मांजरांची जनुके तपासली गेली. आजची सर्व घरगुती मांजरे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजराच्या एकाच उपजातीपासून आली, असे त्यातून दिसले.

सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या सांगाड्याजवळ आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा सापडला. हा शोध २००४ साली जाहीर झाला. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती, म्हणजे कोणीतरी त्यांना होडीतून नेले असणार. पण सहवास म्हणजे लगेच पाळीवपणा नव्हे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासानुसार युरोपातील आजच्या घरगुती मांजरांचे पूर्वज उत्तर आफ्रिकेतून तिकडे पोचले, ते अवघ्या दोन हजार वर्षांच्या आसपास. मांजर आणि माणूस यांची सोयरीक फार हळूहळू आणि अनेक वाटांनी जुळली.

चीनच्या शान्शी प्रांतात एका प्राचीन खेड्याच्या जागी सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीची मांजराची हाडे मिळाली. हाडांतील कार्बन व नायट्रोजन यांच्या समस्थानिकांवरून त्या प्राण्याने काय खाल्ले असावे, याचा अंदाज करता येतो. ही मांजरे राळ्यासारख्या भरड धान्यावर जगणारे प्राणी खात होती. त्यांपैकी एकाच्या अन्नात मांस अपेक्षेपेक्षा कमी आणि धान्याचा अंश जास्त आढळला. म्हणजे ते एकतर उष्टे-खरकटे खात असावे किंवा कोणी त्याला खाऊ घालत असावे. पुढे २०१६ साली असे दिसले की ही मांजरे आपल्या घरगुती मांजराच्या जातीची नव्हती. ती आपल्याकडच्या जंगलांतही आढळणाऱ्या वाघाटीच्या जातीची होती. गावातल्या धान्याभोवती राहायला वेगळ्याच जातीचे मांजरही आले होते!

प्राचीन इजिप्तमध्ये मांजर घरात पुरते स्थिरावलेले दिसते. थीब्ज येथील नख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे चित्र आहे. नख्त आणि त्याची पत्नी बसलेली आहेत आणि खुर्चीखाली एक मांजर मासा खात आहे. चित्रकाराने मांजर दाखवायचे म्हटल्यावर त्याला खातानाच दाखवले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

चार पेन्सांचा प्रयोग

आता एकदम १८६८ सालच्या लंडनमध्ये येऊ. तेथील पोस्टखात्याच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. ते कागदपत्रे कुरतडत होते. कचेरीच्या प्रमुखाने तीन मांजरे ठेवण्याची परवानगी आणि त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला २ शिलिंग मागितले. वरिष्ठांनी मांजरे मंजूर केली, पण रक्कम निम्मी केली. तीन मांजरांना मिळून आठवड्याला १ शिलिंग, म्हणजे प्रत्येकी ४ पेन्स. बाकीचे पोट त्यांनी उंदरांवर भरावे, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर भत्ता आणखी कापावा, असा शेराही मारला.

वरवर पाहता ही गंमत वाटते. पण त्या शेऱ्यामागे एक ठाम समजूत होती. पोट भरलेला नोकर काम करत नाही. अर्धपोटी ठेवला तर हातपाय हलवतो. ही समजूत त्या काळी केवळ मांजरांपुरती नव्हती. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील गरिबांसाठीच्या श्रमगृहांचा कारभारही अशाच विचाराने चाले.

प्रयोग यशस्वी ठरला, उंदीर कमी झाले आणि इतर पोस्ट कचेऱ्यांतही मांजरे नेमली गेली. पण यश कशामुळे मिळाले? मांजरे ठेवल्यामुळे, की त्यांना अर्धपोटी ठेवल्यामुळे? विज्ञानाच्या शिक्षकाला येथे लगेच शंका यायला हवी. तुलनेसाठी पोटभर खाणारी तीन मांजरे दुसऱ्या कचेरीत ठेवलेली नव्हती.

ती तुलना पुढे नकळत झाली. १९५० साली जन्मलेला टिब्स नावाचा बोका लंडनमधील पोस्टाच्या मुख्य कचेरीत कामाला होता. त्याचा मुक्काम तळघरातील उपाहारगृहात असे. आठवड्याला अडीच शिलिंग भत्ता, शिवाय उपाहारगृहातले खाणे! त्याचे वजन २३ पौंडांवर, म्हणजे सुमारे साडेदहा किलोंवर गेले. साधारण मांजर चार-पाच किलोंचे असते. यापेक्षा खादाड नोकर सरकारी सेवेत क्वचितच झाला असेल. पण १९६४ साली तो मेला तेव्हा खात्याच्या मासिकात मृत्युलेख आला आणि त्याने चौदा वर्षे इमारतीत उंदीर फिरकू दिले नाहीत, असे त्याचे कौतुक झाले. एका बोक्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. तरी 'भरल्या पोटी मांजर शिकार करत नाही' या नियमाला हा चांगलाच मोठा अपवाद होता.

भूक आणि शिकार

१९७६ साली रॉबर्ट अॅडॅमेक या संशोधकाने हा प्रश्न प्रयोगशाळेत तपासला. मांजर आपले आवडते अन्न खात असताना त्याच्यासमोर उंदीर सोडला. मांजरांनी खाणे थांबवले, उंदीर मारला, तो अन्नाच्या भांड्याजवळ आणून ठेवला आणि पुन्हा भांड्यातले अन्न खायला सुरुवात केली. १९७९ साली मॅक्सीन बिबेन यांनी दाखवले की मांजर जितके भुकेले तितकी शिकार मारण्याची शक्यता वाढते. शिकार मोठी असेल तर ती कमी होते. म्हणजे भुकेने शिकारीला जोर येतो हे खरे, पण पोट भरले म्हणून शिकार बंद पडत नाही. पोस्टखात्याचा शेरा अर्धा बरोबर होता.

असे का असावे? उत्तर साध्या हिशेबात आहे. चार किलोंच्या मांजराला दिवसाला ढोबळमानाने २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. एका लहान उंदरातून सुमारे ३० मिळतात. म्हणजे दिवसाला सात-आठ उंदीर हवेत. प्रत्येक झडप यशस्वी होत नाही, म्हणून प्रयत्न त्याहून कितीतरी अधिक करावे लागतात. सिंहासारखी मोठी शिकार करून दोन दिवस लोळण्याची सोय नाही. भूक लागेपर्यंत थांबणारे मांजर उपाशी राहिले असते. उंदीर समोर आला की आधी पकडायचा, भुकेचे मग पाहू, हेच त्याला परवडणारे होते.

आपल्या घरातील 'हावरटपणा' याच सवयीतून आलेला आहे. मांजर मुळात दिवसातून दहा-वीस वेळा थोडेथोडे खाणारे जनावर आहे. आपण त्याला माणसासारखी दोन जेवणे देतो आणि मधल्या वेळी ते मागते म्हणून रागावतो.

त्याला हवे असते काय?

मांजराला गोड चव कळत नाही. गोडाच्या संवेदकासाठी दोन जनुके लागतात. त्यांपैकी एक मांजरांमध्ये निकामी झालेले आहे, हे २००५ साली अमेरिकेतील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवले. तेव्हा बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालणारे मांजर साखरेसाठी आलेले नसते. त्याला साय हवी असते. उलट मांसातील अमिनो आम्लांची चव त्याला उत्तम कळते. २०२३ सालच्या एका अभ्यासात असे आढळले की मांजराच्या जिभेवरील यासाठीचे संवेदक ट्यूना माशात असणाऱ्या घटकांच्या मिश्रणाला विशेष दाद देतात. मासळीच्या पिशवीचे गूढ ते हेच!

ही आवड म्हणजे चोचले नव्हेत. टॉरीन नावाचा एक पदार्थ मांजराचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांस-मासळीतून मिळतो. वनस्पतींमध्ये जवळजवळ नसतो. १९७५ साली असे सिद्ध झाले की टॉरीन कमी पडले तर मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल खराब होते. १९८७ साली त्याहून गंभीर गोष्ट उघड झाली. कारखान्यात तयार झालेले, 'परिपूर्ण' म्हणून विकले जाणारे अन्न खाणाऱ्या मांजरांची हृदये टॉरीनअभावी दुबळी होत होती आणि ती मरत होती. टॉरीन दिल्यावर अनेकांची हृदये सुधारली. त्यानंतर तयार अन्नातील टॉरीनचे प्रमाण वाढवण्यात आले. आपल्याकडे केवळ दूध-पोळीवर मांजर ठेवणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. शिवाय मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात. पोट भरलेले दिसते, पण शरीराला हवे ते मिळालेले नसते.

२०२१ साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासाने या दोन्ही धाग्यांना एकत्र आणले. धान्यविरहित, मांसयुक्त अन्न दिलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळल्यानेही ती २५ टक्क्यांनी घटली. पक्ष्यांची काळजी असणाऱ्यांना हे उपयोगी आहे.

शिकवणारे कोण, शिकणारे कोण?

मग हावरटपणा सगळा निसर्गाचाच का? तसे नाही. त्यातला बराचसा आपण शिकवतो. मांजर ओरडले, आपण तुकडा टाकला. पुढच्या वेळी ते अधिक ओरडते. २००९ साली ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅकोम्ब यांनी दाखवले की काही मांजरे खाणे मागताना जी घुरघुर करतात, तिच्यात रडण्यासारखा एक उंच स्वर मिसळलेला असतो. मांजर न पाळलेल्या माणसांनाही ती घुरघुर अधिक निकडीची वाटली. आपण मांजराला सवय लावतो असे म्हणतो, तेव्हा तेही आपल्याला लावत असते.

निर्बीजीकरणानंतर मांजराची भूक वाढते आणि शक्तीची गरज कमी होते, हे एक कारण. जंत हे दुसरे. आणि वयस्क मांजर सतत खाऊनही रोडावत असेल तर थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा आजार असू शकतो. अशा वेळी 'हावरट' म्हणून हसण्याऐवजी पशुवैद्याकडे न्यावे.

हा विषय वर्गात सहज घेता येईल. ज्यांच्या घरी किंवा गल्लीत मांजर आहे, अशा विद्यार्थ्यांनी एक आठवडा वही ठेवावी. मांजराने किती वेळा मागितले, किती वेळा मिळाले, काय व किती खाल्ले, काय सोडून दिले, शिकार केली का आणि ती खाण्याआधी की नंतर, याची वेळेसह नोंद करावी. मग नोंदी एकत्र करून पाहाव्यात. मागितल्यावर लगेच मिळते त्या घरातले मांजर जास्त मागते का? खाल्ल्यावर लगेच शिकार केल्याची एखादी तरी नोंद आहे का? १८६८ सालच्या कचेरीत नसलेली तुलना मुलांच्या वह्यांत करता येईल. मात्र तुलनेसाठी कोणत्याही मांजराला उपाशी ठेवू नये, हे आधीच सांगावे.