न चालवता तपासलेली आज्ञावली

(−३४७) × ५८ हा गुणाकार न करताही उत्तर ऋण येणार, हे आपले विद्यार्थी सांगतात. उत्तर किती ते सांगत नाहीत, पण सांगतात तेवढे चुकत नाही. संगणकाची आज्ञावली न चालवता तपासण्याचे शास्त्र याच युक्तीवर उभे आहे.

कोणतीही आज्ञावली कधीतरी थांबेल की नाही, हे अचूक ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे ॲलन ट्यूरिंगने १९३६ साली सिद्ध केले. तेव्हा नेमकेपणाचा हट्ट सोडणे भाग होते. १९७७ साली पॅट्रिक व राधिया कूझो या दांपत्याने त्याची गणिती रीत मांडली : प्रत्यक्ष संख्यांऐवजी चिन्हासारख्या ढोबळ गुणधर्मांवर हिशेब करायचा. धन आणि ऋण यांची बेरीज आली, की ‘सांगता येत नाही’ म्हणायचे. मात्र धोका असताना ‘धोका नाही’ कधीच म्हणायचे नाही.

१९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकने अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला, आणि पुढे या रीतीची खरी परीक्षा झाली. या भाषेचा कारभार एकशिक्षकी शाळेसारखा आहे. गुरुजी चौथीला गणिते देतात, ‘झाली की पाटी दाखवा’ म्हणतात आणि दुसरीकडे वळतात. हातातले काम पुरे झाल्यावाचून ते पुढची पाटी पाहत नाहीत. पण कोणाची पाटी आधी येईल, हे कोण सांगणार? जावास्क्रिप्टही दूरच्या संगणकाकडे माहिती मागते, ती आल्यावर काय करायचे ते सांगून ठेवते आणि पुढे जाते. ‘माहिती आलेलीच असेल’ असे धरून लिहिलेली ओळ शंभरदा बिनबोभाट चालते. एकदा जाळे मंदावले, की कोसळते. अशी चूक चालवून पाहताना क्वचितच सापडते, म्हणून तर न चालवता तपासणे हवे!

पण दहा कामे राखून ठेवली, तर त्यांचे ३६,२८,८०० क्रम होतात. सगळेच शक्य मानले तर खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडतो. खरे तर पुष्कळ कामे एकमेकांत गुंतलेली असतात. एक झाल्याशिवाय दुसरे सुरूच होत नाही. २०१५ साली मॅडसन, टिप व ल्होताक यांनी सर्व्हरवरील जावास्क्रिप्टसाठी घटनांचे असे दुवे आलेखात मांडले. त्याच वर्षी ‘प्रॉमिस’ ही सोय भाषेच्या प्रमाणात आली. २०१९ साली सोतिरोपुलोस व लिव्हशिट्स यांनी प्रॉमिसही सामावून घेणारा, कोणते काम कोणाच्या आधी हे दाखवणारा आलेख डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठात जन्मलेल्या तपासणी-साधनाला जोडला. अशक्य क्रम त्यामुळे गळतात. परस्परांशी संबंध नसलेली दोन उत्तरे जाळ्यावरून यायची असली, तर मात्र दोन्ही क्रम धरूनच हिशेब करावा लागतो.