दासबोधातील गृहस्थ आणि व्यंगचित्रमालिकांतील कुटुंब

हास्यकथेतील कुटुंब बहुधा साच्यातून निघालेले असते : मिळवता परंतु बावळट पिता, घर सावरणारी समंजस माता आणि खोडकर मुले. दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिकांनी हा साचा जगभर पोहोचविला. अमेरिकेत १९६० ते १९६६ या काळात प्रक्षेपित झालेल्या ‘द फ्लिंटस्टोन्स’ या मालिकेत अश्मयुगीन फ्रेड दगडाच्या खाणीत कामास जातो व विल्मा घर पाहते. वस्तुतः ही श्रमविभागणी अश्मयुगाची नव्हे, महायुद्धोत्तर अमेरिकन उपनगराची आहे. परंतु तिला कातडी वस्त्रे नेसविताच ती अनादि भासू लागते. १९८९ पासून चालू असलेल्या ‘द सिम्प्सन्स’मध्ये होमर या पित्याचे हसे अधिक निर्दयपणे होते, तथापि घर सावरण्याचे काम मार्जकडेच राहते आणि तान्ही मॅगी तान्हीच राहते. चित्रातील माणसास वय चढत नाही. म्हणून चूक कितीही मोठी असो, कुटुंब पुनःपुन्हा मूळपदी येते.

कौटुंबिक भूमिकांचे असेच उपहासचित्र मराठीत सतराव्या शतकात रेखाटले गेले. त्याचे कर्ते समर्थ रामदास हे आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये जन्मले. ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच त्यांनी विवाहमंडपातून पलायन केले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. पतीची भूमिका नाकारणाऱ्या या पुरुषाने दासबोधाच्या तिसऱ्या दशकात, आरंभीच्या पाच समासांत, एका गृहस्थाचा जन्मापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास वर्णिला आहे. हा गृहस्थ पत्नीच्या मोहाने मायबापांस दुरावतो. ती निवर्तताच पुन्हा विवाह करतो. संततीसाठी नवस करतो आणि संतती वाढताच दारिद्र्याने गांजून परदेशी जातो. अखेरीस वार्धक्यात पोटच्या मुलांनाच तो नकोसा होतो.

येथे कोणासही नाव नाही. पात्रे केवळ नातेवाचक शब्दांनी ओळखली जातात. त्यामुळे वर्णन एका व्यक्तीचे न राहता भूमिकेचे होते. साचा येथेही आहेच. परंतु रामदास त्यास काळाच्या हाती देतात. लाडका मुलगा, आसक्त पती व उपेक्षित पिता हा एकच पुरुष आहे, हे दिसताच भूमिकेचे नित्यत्व ढळते. मात्र हा न्याय पुरुषापुरताच आहे. पत्नी त्याच्या मोहाचे निमित्त म्हणून येते. तिचे बालपण, तिचे वार्धक्य स्वतंत्रपणे सांगितले जात नाही.

गोदावरीकाठीच, वरच्या अंगास असलेल्या पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) एका भारुडात सुनेलाच प्रथमपुरुषी बोलते केले होते. सासरच्या सर्वांपासून, पतीपासूनही, सुटका व्हावी असे ती देवीस विनविते. रूपकार्थ मुक्तीचा असला, तरी श्रोत्यांस हसू येते ते सुनेच्या ओळखीच्या गाऱ्हाण्यामुळे. परंतु हा स्त्रीस्वरही पुरुषाने रचलेला, आणि रंगणात बहुधा लुगडे नेसलेल्या पुरुषानेच उच्चारलेला आहे.

या मर्यादेचे उत्तर ग्रंथात नव्हे, संप्रदायाच्या इतिहासात सापडते. बालविधवा वेणाबाई रामदासांच्या शिष्या झाल्या, त्यांनी ‘सीतास्वयंवर’ रचले आणि मिरजेचा मठ सांभाळला. पत्नी, सून वा माता यांपैकी कोणत्याही साच्यात न बसणारे हे जीवन होते. दासबोधाने पुरुषाच्या भूमिकेस वय दिले. स्त्रीला स्वतंत्र कर्तृत्व लाभले, ते त्याच परंपरेत, पण कुटुंबचित्राच्या चौकटीबाहेर. चौकटीच्या आत तिला स्वतःचे चरित्र लाभते काय, हाच प्रश्न व्यंगचित्रमालिकांतील कुटुंबासही विचारावयास हवा.